दुसऱ्याच्या राहुटीत

तमाशा बघायचा असतो पुढून, पण ठरवायचा असतो मागून, हे दादाभाऊंचं तत्त्व. ते त्यांनी एकतीस वर्षं पाळलं, एक वर्ष सोडून. त्या एका वर्षाचं नाव गावात दादाभाऊंच्या तोंडावर कुणी काढत नाही. पाठीमागं रोज काढतात, ती गोष्ट वेगळी.

त्याचं असं आहे. चैत्र जवळ आला की नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. ओळीनं कापडी तंबू, प्रत्येकाच्या तोंडाशी मालकाच्या नावाचा फलक, आत गादी आणि गादीवर वही घेऊन बसलेला व्यवस्थापक. गावोगावच्या यात्रा कमिट्या जीप भरून येतात, या राहुटीतून त्या राहुटीत हिंडतात, घासाघीस करतात, आणि आपल्या तारखेला फड पक्का झाला की सुपारी देऊन परत जातात. आपल्या दादाभाऊंचं गाव खोडदच्या अलीकडं, रेडिओ दुर्बिणीच्या त्या अवाढव्य ताटल्या जिथल्या कांद्याच्या वावरातून दिसतात ते. गावाचा देव भैरवनाथ, आणि भैरवनाथाच्या यात्रेची सुपारी द्यायचा मान दादाभाऊंचा. त्यासाठी त्यांच्याकडं एक खाकी पिशवी होती. तिच्यात खरीखुरी सुपारी, सव्वा रुपया आणि इसाराचे पैसे. यात्रेच्या दिवशी फडाचा मालक त्याच पिशवीवाल्याला भर गावासमोर फेटा बांधायचा. दादाभाऊंना फेटा लई शोभायचा. फेट्याखाली माणूस कसाही असला तरी शोभतो म्हणा, पण त्यांना हे सांगणार कोण?

बाकीच्या कमिट्या राहुटीत शिरून चहा पीत बसत. दादाभाऊ राहुटीला वळसा घालून थेट मागं जात. तिथं चुली पेटलेल्या असत. कालवणाला रस्सा दाट आहे की पातळ, तंबू ठोकणाऱ्या बिगाऱ्यांना जेवण कलाकारांबरोबर मिळतं की उरलंसुरलं, ढोलकीवाल्याच्या पायात चप्पल धड आहे का, हे बघून मग ते पुढून आत शिरत आणि भाव विचारत. ‘ज्या फडात बिगाऱ्याला वेळेवर भाकरी, तो फड बुडत न्हाई. आन ज्याचा फलक लई चकाकतो, त्याचं पैसं फलकावरच गेल्यालं असत्यात.’ असे नाव नसलेले, भाव कमी असलेले फड त्यांनी हेरले आणि दोन-तीन वर्षांत तेच फड चौपट भावाला गेले. दुसरं तत्त्व त्याहून कडक. ‘एकदा सुपारी दिली की दुसऱ्याच्या राहुटीत डोकवायचं न्हाई. डोकावलं की आपली ती म्हैस आन दुसऱ्याची ती गाय दिसाया लागती.’

आता ते एक वर्ष. एक लई नावाजलेला जुना फड त्यांना अर्ध्या किमतीत मिळाला. एवढा मोठा फड एवढ्या स्वस्तात! दादाभाऊंनी मागं जायची तसदीच घेतली नाही, घाईघाईनं सुपारी देऊन टाकली. यात्रेत पडदा वर गेला, ढोलकी कडकडली, आणि नाचणारी बाई दुसऱ्या गिरकीला गुडघा धरून खाली बसली ती उठलीच नाही. बिचारी पंचावन्नची होती, तिचा काय दोष? गावानं त्या वर्षाला ‘गुडघ्याची यात्रा’ हे नाव ठेवलं.

दादाभाऊंचा पुतण्या अमृत हा या नावाचा मोठा प्रचारक. आळेफाट्याला त्याचं मोबाईलचं दुकान, वय चौतीस, आणि डोक्यात एकच खूळ: पिशवी आपल्याकडं यावी. खरं तर तीन वर्षांपूर्वी त्याच्या हट्टापायी गावानं मोबाईलवर लाखांनी बघितला जाणारा ऑर्केस्ट्रा तिप्पट पैसे मोजून आणला होता. चार गाणी झाली आणि पाचव्याला गाणारणीचा आवाज मध्येच बंद पडला, तोंड मात्र हलत राहिलं. गाणं मोबाईलमधून वाजत होतं आणि मोबाईलची बॅटरी संपली होती. पण अमृतला लाज नावाची वस्तू दुकानात ठेवायची सवय नाही.

तर अशा या दोघांची जुंपली ती गेल्या वर्षीच्या यात्रेनंतर. करोनाच्या काळात यात्रा भरली नाही, तेव्हाची वर्गणी आणि मुंबईकर मंडळींच्या देणग्या मिळून कमिटीचे चार लाख रुपये बँकेत पडून होते. त्यांचं काय करायचं म्हणून देवळात बैठक बसली. अमृत म्हणाला, शेअर घ्या. दादाभाऊ म्हणाले, घ्या, पण मी सांगतो तो. ऐंशी वर्षांचे गेणभाऊ कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी विचारलं, ‘तुला रं शेअरमधलं काय कळतं?’

‘न कळाय काय झालं? फड तसाच शेअर,’ दादाभाऊ म्हणाले.

शेअरमधलं खरोखर कळत होतं ते एकाच माणसाला, दादाभाऊंच्या सुनेला, नूतनला. बी.कॉम. झालेली, नारायणगावात कर सल्लागाराच्या ऑफिसात जाणारी. ती देवळाच्या पायरीवर बायकांत बसली होती. तमाशाच्या बैठकीत बायकांनी बोलायची चाल नाही, म्हणून तिला कुणी विचारलं नाही.

अमृतनं मोबाईल काकापुढं धरला. ‘वायुराज इलेक्ट्रिक. विजेवरच्या स्कूटरी. दरसाल विक्री दुप्पट! उद्याचा जमाना हिचा हाय, आण्णा.’

‘कमावती किती?’

‘एका शेअरमागं साडेचार रुपये.’

‘आन शेअर केवढ्याला?’

‘पाचशे.’

दादाभाऊ हसले. ‘म्हंजे रुपया कमावणाऱ्याला एकशे अकरा रुपये मोजायचे? नाकापरीस मोती जड!’

‘आज रुपया कमावती, उद्या दहा कमवील.’

‘मग उद्या दहा कमावल्यावर माझ्याकडं ये.’

दादाभाऊंनी काढला निर्झर पाईप नावाचा शेअर. चाळीस वर्षांची कंपनी, शेतातली नळी नि पाईप करणारी. भाव ऐंशी, शेअरमागं कमाई साडेअकरा. म्हणजे रुपया कमावणाऱ्याला सातच रुपये. वर दरसाल लाभांश. अमृत फिसकन हसला. ‘ती काय वाढणार? पाईप का वेल हाय? आण्णा, ही तुमची गुडघ्याची यात्रा झाली बरं का!’

देवळात खसखस पिकली आणि दादाभाऊंचा पारा चढला. त्यांनी खांद्याची खाकी पिशवी काढून भैरवनाथाच्या उंबऱ्यावर ठेवली. ‘दोन लाख तुझ्या हातात, दोन लाख माझ्या. येत्या गुढीपाडव्याला ज्याचे पैसे जास्त, पिशवी त्याची. कायमची!’

अमृतला तेच हवं होतं. गेणभाऊंनी ठराव लिहून घेतला, आणि शेअर घ्यायचं-विकायचं खातं नूतनच्या नावावर होतं म्हणून काम तिच्यावर आलं. जो जे सांगेल ते तिनं करायचं आणि पाडव्याला हिशेब वाचायचा, एवढंच. तेव्हा मात्र ती पायरीवरून म्हणाली, ‘मामा, भाऊजी, वाढ निराळी आणि किंमत निराळी असं नसतं. वाढ किमतीतच धरायची असते. किती वाढणार, आणि त्या वाढीचे पैसे आपण आधीच किती मोजून बसलो, एवढंच बघायचं.’

‘बरं बरं,’ दोघंही एकदम म्हणाले. या एका मुद्द्यावर काका-पुतण्याचं तेवढं एकमत झालं.

दादाभाऊ नुसते बोलून थांबले नाहीत. दुसऱ्याच दिवशी एस.टी. धरून निर्झर पाईपच्या कारखान्यावर गेले आणि फाटकाला वळसा घालून मागं जाऊन उभे राहिले. मागं कॅन्टीन होतं. पहारेकऱ्यानं हटकलं तेव्हा म्हणाले, ‘काय न्हाई राव, तुमची डाळ बघाया आलोय.’ पहारेकरी आपल्याकडच्याच शिंगवे गावचा निघाला, ओळख निघाली, आणि दादाभाऊंना ताटच मिळालं. डाळ दाट होती. चपात्या मोजून देत नव्हते. बाहेर चहाच्या टपरीवाल्याला विचारलं, कामगार उधारी कधी फेडतात? तो म्हणाला, सात तारखेला, कारण पगार सातलाच होतो, पंधरा वर्षांत चुकला नाही. दादाभाऊ झाडाखाली बसून तासभर ट्रक मोजत राहिले. अकरा भरलेले बाहेर पडले. बिगाऱ्यांत निम्मी पोरं विशी-पंचविशीतली होती, म्हणजे गुडघ्याचं भय नव्हतं. घरी येऊन त्यांनी नूतनला सांगितलं, ‘घे. बिनघोर घे.’

नूतननं ऐंशीच्या भावानं अडीच हजार शेअर घेतले. अमृतचे चारशे वायुराज घेतले. आणि मग सुरू झाली दादाभाऊंची साडेसाती.

निर्झर पाईप हललाच नाही. ऐंशीचा एक्क्याऐंशी, एक्क्याऐंशीचा अठ्ठ्याहत्तर. इकडं वायुराज पाचशेचा सातशे झाला, गणपतीत नऊशे झाला. नारायणगावात तिचं शोरूम उघडलं, फुगे काय, कमान काय, दारात स्पीकर काय! दादाभाऊ बेल्ह्याच्या बाजाराला जाताना जीपमधून ते बघत. पारावर माणसं विचारत, ‘दादाभाऊ, पाईप तुंबला काय?’ लाभांशाचे साडेसात हजार आले तेव्हा त्यांनी पदरच्या पैशानं पारावर पेढे वाटले. लोकांनी पेढे खाल्ले आणि म्हणाले, ‘अमृतचे दोनाचे चार झाले म्हणं!’ खाल्ल्या पेढ्याला तरी जागावं माणसानं!

बोलणी सोसली असती त्यांनी. पण दसऱ्याला गेणभाऊ सहज म्हणून गेले, ‘अमृतच्या डोक्याला फेटा ढिला व्हईल का रं?’ त्या दिवसापासून दादाभाऊंची झोप उडाली. एकतीस वर्षं गावातला लहानथोर त्यांना त्या पिशवीनं ओळखत होता. त्यांच्या नावावर ना पद, ना मोठी जमीन. पिशवी गेली की ते कोण? कांदेवाले एक दादाभाऊ. तसले गावात पन्नास होते.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी नूतन चकल्या तळत होती. दादाभाऊ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. ते कधी तिकडं फिरकत नसत. फळीवर काजूकतलीचा डबा होता, त्यातली एक उचलून त्यांनी तोंडात टाकली.

‘कुणी आणली?’

‘अमृत भाऊजींनी. काल येऊन गेले.’

‘एवढा उदार कधीपास्नं झाला?’ मग जरा घुटमळून, ‘ते वायुराज आज कितीला?’

‘अकराशे पन्नास.’

‘आन आपलं पाईप?’

‘शहात्तर.’

दादाभाऊंनी दुसरी काजूकतली उचलली. ‘नूतन, पाईप समदं विकून टाक. लाभांश बी घाल. आन वायुराज घे.’

चकलीचा सोऱ्या तिच्या हातात तसाच राहिला. ‘मामा, निर्झर काही वाईट झालेली नाही. कमाई वाढलीय तिची, फक्त भाव पडलाय. म्हणजे आता तर आणखी स्वस्त झालीय.’

‘गुडघ्याची यात्रा बी स्वस्तच व्हती.’

‘ती तुम्ही मागून बघितली नव्हती. ही बघितलीय. वायुराज मागून बघितली का?’

‘शोरूम बघितलंय.’

‘पुढून.’

‘पुढून तर पुढून!’ दादाभाऊ तडकले. ‘आख्ख्या जगाला दिसतंय ते मला दिसू नये का?’

‘पण तुम्हीच म्हणता, एकदा सुपारी दिली की...’

‘ते तमाशाचं हाय! हे शेअरचं हाय!’

नूतननं त्यांच्याकडं बघितलं. मग एकाएकी पदर तोंडाला लावून ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

‘हसाया काय झालं?’

‘काही नाही मामा. तेल उडालं.’

‘भैरवनाथाची आण घे. पाडव्यापातुर कुणाला कळता कामा नये. अमृतला तर मुळीच न्हाई.’

‘आण आहे मामा,’ ती म्हणाली, ‘जी तुम्हाला तीच त्यांना.’ दादाभाऊंना त्या बोलण्याचा अर्थ तेव्हा लागला नाही, आणि लावायला ते थांबलेही नाहीत. एकशे एकाहत्तर वायुराज पदरात पडले.

देवदिवाळीला वायुराजचा तिमाही आकडा आला. विक्री वाढली होती, पण बाजारानं धरली होती त्याच्या निम्म्यानंच. बस्स! जो शेअर दुपटीच्या आशेवर उभा, त्याला निम्मी वाढ म्हणजे तोटाच. अकराशे पन्नासचा आठशे झाला. पौषात सहाशे.

आणि दादाभाऊंचे जे हाल झाले ते वैऱ्याचे होऊ नयेत. पारावर लोक त्यांना टाळ्या द्यायला लागले. ‘दादाभाऊ, अमृतची स्कूटर घसरली! पिशवी तुमचीच राहती बघा!’ दादाभाऊंना हसावं लागे. मग निर्झर पाईपला कुठलीशी मोठी पाणीयोजना मिळाली आणि भाव नव्वद, शंभर, एकशे दहा असा चढत चालला. लोक हार घेऊन घरी आले. गेणभाऊंनी काठी टेकत येऊन पाठ थोपटली. ‘गड्या, मागनं बघणं ते मागनं बघणं!’ गळ्यात झेंडू, ओठावर हसू आणि पदरात वायुराज, असे दादाभाऊ ओसरीवर बसून राहिले. आतून नूतन चहा घेऊन आली, कप ठेवला आणि घाईघाईनं आत पळाली. तिच्या खांद्यांवरून कळत होतं की ती हसतेय.

सगळ्यांत जाच अमृतचा. ज्याचं घर बुडतंय असं गाव म्हणत होतं, तो शीळ घालत हिंडत होता. वायुराज पडला की दादाभाऊंचं तोंड उतरे आणि अमृत विचारी, ‘आण्णा, पाईप कितीवर गेलं हो?’ विचारताना डोळ्यांत अशी माया की दादाभाऊंना वाटे, पोरगं मनानं खरंच मोठं झालं. हरताना दुसऱ्याच्या जिंकण्याचा आनंद! आपण एका भल्या पोराशी उगाच वैर धरलं, असं वाटून एकदा त्यांना भरूनसुद्धा आलं.

पाडव्याला सकाळी देवळात पंचांग वाचून झालं, कडुलिंब वाटला गेला आणि गेणभाऊ म्हणाले, ‘नूतन, वाच बाई.’ दादाभाऊ खांबाला टेकून बसले होते. शेजारी खाकी पिशवी. काल बंद झालेला भाव त्यांना तोंडपाठ होता: वायुराज तीनशे नव्वद. अमृतचे चारशे शेअर, म्हणजे दीड लाखाच्या वर. आपले सदुसष्ट हजार. कडुलिंब तोंडात कडू लागत नव्हता, इतकं तोंड आधीच कडू झालं होतं.

नूतन उभी राहिली. ‘मामांचे दोन लाख. आज झाले सदुसष्ट हजार पाचशे चाळीस.’

 देवळात एकच गलका उठला. ‘आरं, पाईप तर एकशे अठराला हाय की!’

‘मामांनी दिवाळीत पाईप विकून वायुराज घेतले.’

दादाभाऊंनी मान खाली घातली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्यांना त्या दिवशी कळलं. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि वर गळ्यातले झेंडूचे हार आठवत बसायचं. त्यांनी पिशवी उचलली, अमृतसमोर धरली आणि म्हणाले, ‘घे बाबा. तू जिंकला. तू तरी तुझ्या शब्दाला धरून राहिला.’

अमृतनं हात पुढं केला नाही. त्याचं तोंड लाल झालं होतं.

‘अमृत भाऊजींचे दोन लाख,’ नूतन पुढं वाचत होती, ‘आज झाले सात लाख चौदा हजार एकशे चौऱ्याऐंशी.’

‘किती?’ गेणभाऊ ओरडले.

‘भाऊजींनी दिवाळीत, मामांच्या आदल्या दिवशी, सगळे वायुराज अकराशे पन्नासला विकले. आणि पाईप घेतले.’

दादाभाऊंच्या हातातली पिशवी खाली पडली. सव्वा रुपयाची नाणी फरशीवर घरंगळत गेली. ‘काजूकतली!’ ते पुटपुटले.

‘मला भ्या वाटाया लागलं व्हतं, आण्णा,’ अमृत खाली बघत म्हणाला. ‘एवढं वाढलं, आता पडलं तर? आन सगळं गाव तुमाला हसतंय, तरी तुमी डाळ बघून घेतलेलं पाईप धरून बसलाय. म्हणलं, ह्या म्हाताऱ्याला काय तरी ठावं हाय. म्हणून पाईप घेतलं आन वहिनीला आण घातली.’

मग लोक असे हसले की गाभाऱ्यातली घंटा आपोआप वाजली म्हणतात. ते खोटं असेल, पण हसणं खरं. चार लाखांचे पावणेआठ लाखांवर झाले होते, गावाला हसायला काय जातंय? एकानं विचारलं, दोघं गप बसले असते तर? नूतननं क्षणभर सासऱ्याकडं बघितलं. सांगावं की नाही असं तिला झालं असावं. मग म्हणाली, ‘मामांचे तीन लाख अडीच हजार, भाऊजींचे एक लाख छप्पन्न हजार. मामा जिंकले असते.’

 ज्या पाईपवर दादाभाऊ आपल्या डोळ्यांनी भाळले होते, त्याच पाईपनं त्यांचा मान नेला होता. दुसऱ्यानं हरवलं असतं तर दुसऱ्याला चार शिव्या तरी घालता आल्या असत्या.

अमृतनं नाणी गोळा करून पिशवीत टाकली आणि पिशवी दादाभाऊंच्या मांडीवर ठेवली. ‘मी तुमच्या मालावर जिंकलो, आण्णा. मला न्हाई पचायची.’

‘हरलेल्याला पिशवी? मला नगं!’ दादाभाऊंनी ती परत सरकवली. एकतीस वर्षांत प्रथमच ती पिशवी कुणालाच नको होती. ती दोघांच्या मध्ये पडून राहिली आणि लोक तिच्याकडं बघत राहिले.

गेणभाऊंनी काठी आपटली. ‘दोघांनी बी एकमेकाच्या राहुटीत डोकावलं. दोघं बी नालायक. आन ह्या पोरीनं दोघांचं गुपित पाच महिने पोटात ठिवलं, दोघांना हसली, पर सांगितलं न्हाई कुणाला. तिचं डोकं एकदा बी हाललं न्हाई. पिशवी हिची.’

‘बाई मानूस तमाशाची सुपारी देणार?’ मागून कुणीतरी किंचाळलं.

‘का? नाचाया बाई चालती, बघाया चालती, आन ठरवाया चालत न्हाई व्हय रं?’ पायरीवरून कोंडाबाई कडाडल्या. कोंडाबाई म्हणजे गेणभाऊंची बायको. तिच्यापुढं गेणभाऊही बोलत नाहीत, मग बाकीच्यांची काय कथा?

त्याच दुपारी जीप नारायणगावला निघाली. पुढं नूतन मांडीवर पिशवी घेऊन, मागं अमृत आणि दादाभाऊ. दादाभाऊ यायला तयार नव्हते, नूतनच म्हणाली, ‘मामा, मागून काय बघायचं ते मला कोण सांगणार?’ वाटेत वळणावर वायुराजचं शोरूम लागलं आणि जीप गर्दीत अडकली, ती नेमकी शोरूमच्या मागच्या बाजूला. तिथं भिंतीला लावून वीस-पंचवीस नादुरुस्त स्कूटरी धूळ खात उभ्या होत्या. दादाभाऊंनी त्या बघितल्या. अमृतनंही बघितल्या. 

राहुट्यांपाशी उतरल्यावर दादाभाऊंनी सुनेला सगळं सांगितलं. रस्सा, बिगारी, ढोलकीवाल्याची चप्पल. नूतन पहिल्या राहुटीमागं गेली ती पाऊण तास बाहेरच आली नाही. दादाभाऊ एकतीस वर्षं चुलीपर्यंतच जायचे. त्यापलीकडं कनातीच्या आत कलाकार बायका बसतात, तिथं पुरुषाला मज्जाव. नूतनला त्या बायकांनी आत घेतलं, चहा पाजला आणि दोन राहुट्या पालथ्या घालेपर्यंत तिला सगळं सांगून टाकलं. कुठल्या नामांकित फडात मालकाचे भाऊ वेगळे होणार आहेत, कुठं पगार थकलाय, आणि कडेच्या राहुटीतला तो नवा फड कसा, जिथं दोन बहिणी पहाटे तालीम करतात, मालक आधी बिगाऱ्यांना वाढतो आणि अजून भाव सांगताना लाजतो.

नूतननं बाहेर येऊन हे सांगितलं तेव्हा दादाभाऊंनी विचारलं, ‘म्हंजे मी एकतीस वर्षं निम्मंच मागं बघितलं व्हय?’

‘निम्मं तरी बघितलंत, मामा.’

कडेच्या राहुटीत नूतननं भाव विचारला. महाग नव्हता, अगदी स्वस्तही नव्हता. तिनं थोडी घासाघीस केली, फार ताणली नाही, आणि पिशवीतून सुपारी काढून मालकाच्या हातावर ठेवली. मालकानं आयुष्यात पहिल्यांदा बाईच्या हातून सुपारी घेतली. त्याला कळेना नमस्कार करावा की पाया पडावं. बाईला फेट्याचं माप विचारायचं तर त्याच्या जिभेवरच येईना. ते दादाभाऊंनी सांगितलं. सांगताना हात आपल्याच टोपीकडं गेला, पण सांगितलं.

परत जीपकडं येताना वाटेत एका मोठ्या फडाची राहुटी लागली. फलकाला दिव्यांची माळ, आत ढोलकीवर थाप पडली आणि पाठोपाठ घुंगरं वाजली. दादाभाऊंची पावलं मंदावली. कनातीच्या फटीकडं मान वळली.

‘मामा,’ नूतन मागून म्हणाली, ‘आपली सुपारी दिलीय.’

दादाभाऊंनी टोपी डोळ्यांवर ओढली, अमृतची मानही दुसरीकडं वळवली आणि मुकाट्यानं चालू लागले.